रिकामी कॅप्सूल

मी पोटापाण्यासाठी संमतीपत्रं मराठीत आणते. नव्या औषधाची चाचणी होते तेव्हा तीत भाग घेणाऱ्या माणसाने सही करण्याआधी पंधरा-वीस पानं वाचायची असतात. ती बहुतेक वेळा आधी इंग्रजीत लिहिली जातात. नियम असा आहे की माणसाला कळेल त्याच भाषेत ती त्याच्या हातात पडली पाहिजेत. मग ती माझ्याकडे येतात. मी त्यांचं मराठी करते, मला न ओळखणारं कुणीतरी माझं मराठी परत इंग्रजीत करतं, दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून ताडून पाहिल्या जातात आणि शेवटी एथिक्स कमिटीचा शिक्का बसतो. मला शब्दागणिक पैसे मिळतात.

या कामात तीन शब्द कायम अडतात. पहिला ‘रँडमायझेशन’. ‘यादृच्छिकीकरण’ लिहिलं की काम कागदावर पूर्ण होतं, पण वाचणारा तिथेच पान उलटतो. मी ‘छापा-काटा करून ठरवावं तसं’ असं लिहिते. दुसरा ‘डबल ब्लाइंड’. शंका आली की मी वाक्य आईला फोनवर वाचून दाखवते. आई भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात राहते, सातवीपर्यंत शिकली आहे. ‘दुहेरी अंध अभ्यास’ ऐकून ती म्हणाली, “डोयाचा आजार हाय का?” तेव्हापासून मी लिहिते, ‘कुणाला काय मिळतं आहे हे तुम्हालाही ठाऊक नसेल आणि तुमच्या डॉक्टरांनाही.’

तिसरा ‘प्लासिबो’. कुणी ‘छद्म औषध’ लिहितं, कुणी ‘कूटभेषज’. मी आईला वाचून दाखवलं, ‘दिसायला अगदी औषधासारखीच, पण आत औषध नसलेली कॅप्सूल.’

“म्हंजे खाली कॅप्सूल,” आई म्हणाली. आमच्याकडे रिकाम्याला खालीच म्हणतात. मग जरा थांबून तिने विचारलं, “आन् ते खानाऱ्या पोराले दुखलं तं?”

कागदात वय अठराच्या पुढचं लिहिलं होतं. मी ते वाचूनही दाखवलं होतं. तरी ती ‘पोराले’च म्हणाली. आमच्या घरात कॅप्सूल म्हटलं की सगळ्यांना गोलूच आठवतो.

*

गोलू माझा धाकटा भाऊ. आता तेवीस वर्षांचा आहे. तो सिकलसेलचा रुग्ण आहे, एसएस. आई-बाबा दोघं वाहक, म्हणजे एएस. मीही एएस. पूर्व विदर्भात रक्तगट विचारावा तसा ‘पॅटर्न’ विचारतात. लग्नाची बोलणी असोत की दवाखान्याची रांग, ‘पॅटर्न काय?’ हा प्रश्न येतोच.

हिमोग्लोबिनच्या एका साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात. गोलूच्या साखळीत सहाव्या जागेवरचं एकच बदललेलं आहे. तेवढ्याने काय होतं? ऑक्सिजन सोडल्यावर ते हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून त्याच्या लांब काड्या होतात आणि गोल, लवचीक तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी आणि कडक होते. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत फुटते. नव्या पेशी तयार करण्याचा कारखाना म्हणजे अस्थिमज्जा. मटणाच्या नळीत जो मगज असतो, तोच. गोलूच्या हाडांतला मगज जन्मापासून ओव्हरटाइम करतो आहे. शिवाय या वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांमध्ये अडकतात. जिथे अडकतात तिथलं रक्त थांबतं आणि ती जागा ठणकू लागते. बहुतेक वेळा ती जागा हाडात असते. डॉक्टर त्याला ‘क्रायसिस’ म्हणतात.

लहानपणी गोलू म्हणायचा, “ताई, हाडात कोनी खिळे ठोकून रायलं.” मी त्याचे पाय दाबत बसायची. दाबल्याने काहीच फरक पडत नाही हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

हे दुखणं बाहेरून दिसत नाही. सूज नाही, जखम नाही, कित्येकदा तापही नाही. त्याच्या शाळेतल्या एका मास्तरांनी भर वर्गात ‘पेपर आला की याचं दुखणं येते’ असं म्हटलं होतं. एका दवाखान्यात रात्री दोन वाजता इंजेक्शन मागितलं तर तिथल्या माणसाने ‘सवय लागली का रे याला?’ असं विचारलं. गोलू तेव्हा नऊ वर्षांचा होता. आणखी कुठेतरी बाबांना ऐकवलं गेलं होतं, ‘तुमच्या लोकांतच असतो हा.’ आम्ही बौद्ध. विदर्भात हा आजार बौद्धांत आणि आदिवासींत जास्त आढळतो, हे खरं आहे. पण जनुकाला जातीचं काही पडलेलं नसतं. आफ्रिकेत, अरबस्तानात, भूमध्य समुद्राच्या काठावर, जिथे जिथे पिढ्यान् पिढ्या मलेरियाने माणसं मेली तिथे तिथे एएस माणसं जास्त तगली, आणि त्यांच्याबरोबर हे जनुकही तगलं. मी जिवंत आहे त्यात कुठल्यातरी खापरपणजीला मलेरियातून वाचवणाऱ्या त्या जनुकाचा वाटा असू शकतो. गोलूच्या वाट्याला त्याच जनुकाच्या दोन प्रती आल्या.

२०१३ साली, अकरा वर्षांचा असताना गोलूला हायड्रॉक्सियुरिया सुरू झालं. त्याआधी त्याला वर्षातून चार-पाच वेळा भरती करावं लागायचं. त्यानंतरच्या वर्षी एकदा, आणि मग सबंध दीड वर्ष एकदाही नाही. आजार गेला नाही. २०१९च्या हिवाळ्यात छातीत त्रास होऊन तो आठ दिवस ऑक्सिजनवर होता. पण तो दहावी झाला, आयटीआय झाला, मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान चालवतो, आणि दुकानाचं शटर स्वतः उचलतो.

ही कॅप्सूल कुठून आली, हे मात्र मला कितीतरी वर्षांनी, या कामात पडल्यावर कळलं.

*

गोष्ट सुरू होते १९४८ साली ब्रुकलिनमध्ये. जॅनेट वॉटसन नावाच्या बालरोगतज्ज्ञ बाईंच्या लक्षात आलं की सिकलसेल घेऊन जन्मलेल्या बाळांच्या रक्तात पहिले काही महिने वाकड्या पेशी फारशा दिसत नाहीत. आईच्या पोटात बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, गर्भातलं. जन्मानंतर ते हळूहळू ओसरतं आणि मोठ्यांचं हिमोग्लोबिन त्याची जागा घेतं. म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिन बाळाला सांभाळत असावं. मग ते ओसरूच दिलं नाही तर?

हायड्रॉक्सियुरिया हे रक्ताच्या काही कर्करोगांवरचं जुनं, स्वस्त औषध. ते मज्जेवर काम करतं. १९८०च्या दशकात दिसलं की सिकलसेलच्या रुग्णांना ते दिलं तर गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा वाढतं. पण रक्ताच्या रिपोर्टातला आकडा वाढला म्हणजे माणसाचं दुखणं कमी झालं असं होत नाही. ते वेगळं तपासावं लागतं. अमेरिका आणि कॅनडातल्या २१ केंद्रांत २९९ प्रौढ रुग्ण तयार झाले. छापा-काटा करून १५२ जणांना औषध मिळालं, १४७ जणांना रिकामी कॅप्सूल. रिकामी घेणाऱ्यांना वर्षाला साधारण साडेचार क्रायसिस येत राहिले, औषध घेणाऱ्यांना अडीच. फरक इतका स्पष्ट होता की जानेवारी १९९५ मध्ये चाचणी ठरल्या मुदतीआधी थांबवण्यात आली.

रिकामी कॅप्सूल कशाला हवी, असा प्रश्न तुम्हालाही पडला असेल. सगळ्यांना औषध देऊन बघायचं, बरं वाटलं की झालं! याचं उत्तर मला कुठल्या पुस्तकापेक्षा आमच्या घरातूनच जास्त चांगलं मिळालं.

गोलू सात वर्षांचा असताना आजीने शेजारच्या गावातल्या एका वैदूकडून काढा आणला. काढा सुरू झाला आणि चार महिने गोलूला काहीही झालं नाही. चार महिने! गावात बातमी पसरली, दोन घरांनी तोच काढा नेला. मग डिसेंबर आला, थंडी पडली आणि एका महिन्यात त्याला दोनदा भरती करावं लागलं. काढा वाईट होता असं मी म्हणत नाही. सिकलसेलचं दुखणं मुळात लाटेसारखं येतं. थंडी, ताप, कमी पाणी, दमणूक, काही वेळा काहीच कारण नाही. एखादं वर्ष वाईट जातं, एखादं आपोआप बरं जातं. आणि नवा उपाय माणूस शोधतो तो सर्वांत वाईट दिवसांतच. त्यानंतरचे दिवस जरासे बरे असण्याचीच शक्यता जास्त. मग त्या वेळी हातात जे असेल त्याला श्रेय जातं. काढ्याला, ताईताला, डॉक्टरलाही.

ही लाट आपोआप किती ओसरली असती, हे कळण्याचा मार्ग एकच. अगदी तसाच आजार असलेली, तशीच कॅप्सूल घेणारी, तितकीच आशा बाळगणारी आणि औषध न मिळालेली माणसं. १४७ जणांचे साडेचार क्रायसिस मोजले गेले म्हणून बाकीच्यांच्या अडीचला अर्थ आला.

*

पण ते सगळे प्रौढ होते, आणि अटलांटिकपलीकडचे. भंडाऱ्यातल्या अकरा वर्षांच्या पोराशी त्यांचा काय संबंध?

भारतात हे जनुक आहे हे जगाला कळलं १९५२ साली, निलगिरीतल्या आदिवासींच्या रक्ताच्या तपासणीतून. १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी या नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या वाहकांबद्दल ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. पुढे कळलं की भारतात आणि अरबस्तानात या जनुकाचा जो प्रकार आहे, त्यात गर्भातलं हिमोग्लोबिन मुळातच जास्त टिकतं. त्यामुळे ‘भारतातला सिकलसेल सौम्य असतो’ हे वाक्य रूढ झालं. विदर्भातल्या वॉर्डांत काम करणाऱ्यांना ते पटत नव्हतं. तिथली मुलं रक्त चढवून घ्यायला पुन्हा पुन्हा येत होती.

दुसरी अडचण डोसची. अमेरिकेतल्या चाचणीत डोस हळूहळू वाढवत शरीराला सोसेल त्या टोकापर्यंत नेला होता. या औषधाने मज्जेचं काम जास्तच मंदावलं तर पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स धोकादायक खाली येतात. म्हणून दर पंधरा दिवसांनी रक्ततपासणी. आता कोरचीहून किंवा धारणीहून दर पंधरा दिवसांनी एसटीने येऊन, एक दिवसाची मजुरी बुडवून, लेकराचं रक्त तपासून परत जाणारी आई डोळ्यांसमोर आणा. जे औषध अशा वेळापत्रकाशिवाय देताच येत नाही, ते तिच्यासाठी नसल्यातच जमा.

मग नागपुरात प्रश्न वेगळा मांडला गेला. डोस कमी ठेवला, वाढवलाच नाही, तर मुलांचं दुखणं कमी होतं का? नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५ ते १८ वयाची, आजाराचा जास्त त्रास असलेली ६० मुलं घेतली. वजनाच्या दर किलोला रोज १० मिलिग्रॅम, एकच ठरलेला डोस. ३० मुलांना औषध, ३० मुलांना रिकामी कॅप्सूल, १८ महिने. औषध घेणाऱ्या मुलांचे क्रायसिस खूप कमी झाले, रक्त चढवण्याची गरजही घटली. २०१२ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला.

पुढच्याच वर्षी गोलूची कॅप्सूल सुरू झाली.

मी हा पेपर पहिल्यांदा वाचला तेव्हा त्यातल्या तक्त्याशीच बराच वेळ बसून राहिले. डावीकडे एक गट, उजवीकडे एक गट, प्रत्येकी तीस. त्यांची नावं नाहीत, आणि नसायलाच हवीत. पण ती मुलं माझ्या आणि गोलूच्या वयाच्या आसपासची. त्यांच्यातलं कुणी भंडारा-नागपूर बसमध्ये आमच्या पुढच्या सीटवर बसलेलं असू शकेल. तीस मुलांनी १८ महिने रोज न चुकता एक कॅप्सूल घेतली. त्यांच्या आयांनी आठवण करून दिली असेल. आणि त्या १८ महिन्यांत त्यांना जे क्रायसिस आले, त्या प्रत्येकाची नोंद झाली.

गोलूला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “मी असतो तं?”

“कोणत्या तिसात?”

“तेच तं.”

मी याचा खूप विचार केला आहे आणि माझं मत एका बाजूला झुकतं, ते लिहून टाकते. कमी डोसने मुलांना फायदा होतो की नाही, हे त्या वेळी ठामपणे सांगता येत नव्हतं. असं खरोखर ठाऊक नसतं तेव्हाच छापा-काटा करण्याचा अधिकार मिळतो. ठाऊक असूनही केला तर तो अपराध. आणि चाचणीत रिकामी कॅप्सूल मिळणाऱ्याचे बाकीचे उपचार थांबवायचे नसतात. दुखलं तर दुखण्यावरचं औषध, रक्त लागलं तर रक्त. आईच्या प्रश्नाचं हे उत्तर आहे आणि मी ते तिला दिलंही. ती म्हणाली, “बरं.” तिच्या ‘बरं’चा अर्थ ‘पटलं’ असा नेहमीच होत नाही.

मला स्वतःला ते पटतं, आणि तरीही तक्ता बघताना उजव्या बाजूला माझी नजर थांबते. एकदा उत्तर मिळाल्यावर तोच प्रश्न त्याच पद्धतीने पुन्हा विचारणं योग्य राहत नाही. नंतर अंगोला, काँगो, केनिया आणि युगांडा या चार देशांत सहाशेहून जास्त मुलांवर हायड्रॉक्सियुरियाचा मोठा अभ्यास झाला. त्यात कुणालाही रिकामी कॅप्सूल दिली नाही. सगळ्यांना औषध मिळालं. दुखणं, मलेरिया, मृत्यू सगळंच कमी झालं. तिथल्या मुलांना रिकामी कॅप्सूल घ्यावी लागली नाही, कारण कुणीतरी ती आधीच घेतलेली होती.

*

सगळ्याच चाचण्यांची गोष्ट अशी सरळ नसते, आणि ते लपवून मी हे काम करू शकत नाही. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात किशोरवयीन मुलींना एचपीव्ही लस देण्याचा एक अभ्यास झाला. खम्मममधल्या पुष्कळ मुली वसतिगृहात राहणाऱ्या आदिवासी होत्या. त्यांच्या संमतीपत्रांवर पालकांऐवजी वॉर्डनच्या आणि मुख्याध्यापकांच्या सह्या सापडल्या. २०१० साली तो अभ्यास थांबवावा लागला, २०१३ साली संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. लस चांगली होती की वाईट, हा प्रश्न वेगळा. विचारलं गेलं नाही, हा तिथला मुद्दा.

त्यानंतर नियम कडक झाले. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई, हे आता २०१९च्या नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे. मुलांच्या बाबतीत पालकांची सही पुरत नाही. सात वर्षांच्या पुढच्या मुलाला त्याच्या भाषेत समजावून त्याचा होकार घ्यायचा असतो. इंग्रजीत त्याला निराळा शब्द आहे. मी ‘मुलाचा होकार’ एवढंच लिहिते. त्या पानावर माझा सर्वांत जास्त वेळ जातो. ‘तू नाही म्हणालास तरी डॉक्टर तुझ्यावर रागावणार नाहीत.’ हे वाक्य मी प्रत्येक वेळी मोठ्याने वाचून बघते.

*

गोलूच्या आयुष्यात एक आकडा दोनदा आला आहे. आई-बाबा दोघं एएस असले तर प्रत्येक बाळ एसएस होण्याची शक्यता चारात एक. तो छापा-काटा त्याच्या वाट्याला आला. सिकलसेल मुळापासून बरा करायचा तर जुना मार्ग अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा. त्यासाठी पेशींवरच्या खुणा जुळणारा दाता लागतो. सख्ख्या भावंडाशी त्या पूर्ण जुळण्याची शक्यताही चारात एक. दाता एएस असला तरी चालतो. मी एकोणीस वर्षांची असताना रक्त दिलं. रिपोर्ट यायच्या आदल्या रात्री आम्ही दोघं अंगणात खाटेवर पडलो होतो आणि माझा मगज त्याच्या हाडात गेला तर त्याला गणित जमायला लागेल का, यावर भांडत होतो. जुळलं नाही. गोलू म्हणाला, “बरं झालं. तुह्यासारखं घोरलो असतो.”

आता तिसरा मार्ग आला आहे. रुग्णाच्याच मज्जेतल्या मूळ पेशी बाहेर काढायच्या, गर्भातल्या हिमोग्लोबिनला दाबून ठेवणारी जनुकाची कळ क्रिस्परने तोडायची आणि त्या पेशी परत सोडायच्या. १९४८ सालच्या त्या निरीक्षणाचा हा आजचा टप्पा. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने हा उपचार मंजूर केला. त्याआधी जुनी मज्जा जाळण्यासाठी तीव्र केमोथेरपी घ्यावी लागते. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. आपल्याकडे दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेतले शास्त्रज्ञ स्वस्त देशी क्रिस्पर उपचारावर काम करत आहेत. गोलूने २२ लाख डॉलरचे रुपये मोबाइलवर काढून बघितले, शून्यं मोजली आणि फोन खिशात ठेवला.

मंजुरी म्हणजे शेवट नसतो, हेही आम्ही बघितलं. वोक्सेलोटर नावाच्या गोळीला अमेरिकेने २०१९ साली मंजुरी दिली, कारण तिने हिमोग्लोबिनचा आकडा वाढत होता. सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने ती जगभरातून मागे घेतली. पुढच्या अभ्यासांत गोळी घेणाऱ्यांमध्ये क्रायसिस आणि मृत्यू जास्त दिसले होते. आकडा वाढला, माणसाचा त्रासही वाढला. गोळी मंजूर झाल्यावरही कुणी तुलना करत राहिलं, म्हणून ते कळलं.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत सिकलसेलचं निर्मूलन. मोहिमेचं पत्रक वाचून गोलू म्हणाला, “निर्मूलन? माहं करून रायले का?” आम्ही हसलो. पण शब्दांचंच काम करत असल्याने मला ते टोचलं. तपासणी हवीच, मीही लग्नाआधी समोरच्याचा पॅटर्न विचारणार आहे. फक्त तपासणीच्या रांगेला जितका निधी आणि उत्साह मिळतो, तितकाच आधीच जन्मलेल्या गोलूंसाठीच्या संशोधनाला मिळावा. तिशी-चाळिशीतल्या भारतीय सिकलसेल रुग्णाची किडनी, खुबा, डोळे यांचं काय होतं, याचे दीर्घ अभ्यास आपल्याला हवे आहेत. गोलू आता त्या वयाकडे निघाला आहे.

*

गेल्या हिवाळ्यात मी त्याच्याबरोबर नागपूरला तपासणीला गेले होते. बाकावर आमच्या शेजारी कुरखेड्याकडची एक बाई बसली होती, मांडीवर सहा-सात वर्षांची मुलगी. मुलीच्या डोळ्यांत पिवळसर झाक होती, गोलूच्या असते तशी. बाईने पदराच्या गाठीतून एक पाकीट काढून गोलूला दाखवलं. औषध नुकतंच लिहून दिलं होतं, आणि औषधाच्या खिडकीपाशी कुणीतरी ‘ही कॅन्सरची गोळी आहे’ म्हटलं होतं. तिने ती सुरूच केली नव्हती.

“मी दहा-बारा वर्सापासून खातो,” गोलू म्हणाला.

बाईने त्याला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. “तू मोठा हायेस रे बाबू. याच्या पयले लहान पोराईनं खाल्ली का कोनं?”

“खाल्ली ना. आपल्या इकडच्याच पोराईनं. तीस जणाईनं खाल्ली.” मग तो थांबला आणि म्हणाला, “आन् तीस जणाईनं खाली खाल्ली.”

“खाली कायले?”

गोलू तिला सांगू लागला. लाटेचं, थंडीचं, आजीच्या काढ्याचं. मी मध्ये बोलले नाही. माझ्या कुठल्याही संमतीपत्रापेक्षा तो ते सोपं सांगत होता. बाई ऐकत होती, मधूनच मुलीच्या केसांतून हात फिरवत होती. सगळं झाल्यावर तिने विचारलं, “त्या खालीवाल्या पोराईच्या मायनं हो म्हटलं?”

“हो म्हटलं.”

ती काही बोलली नाही. पाकीट परत पदरात बांधताना तिने गाठ दोनदा ओढून घट्ट केली. आत तिच्या मुलीचं नाव पुकारलं गेलं. ती उठली तसं गोलूने मागून सांगितलं, “मावशी, रक्त तपासाले येत जा मात्र. आन् पानी खूप पाजा तिले.”